रिदालिनचं काळं डबकं

काँग रिदालिनच्या अंगणात झाडाचं पान पडलं तर ते जमिनीला टेकायच्या आत उचललं जातं, असं मूराप गावात म्हणतात. ही अतिशयोक्ती आहे. पान टेकतं. फक्त त्याला सोबतीला दुसरं पान मिळत नाही.

मुळात आमच्या जयंतिया डोंगरातली माणसं झाडूची भक्त. रस्त्याच्या कडेला कचऱ्यासाठी बांबूच्या टोपल्या, शनिवारी सगळ्या गावानं मिळून झाडलोट, आणि ज्याच्या दारात चिखल त्याच्याकडे पाहुणा चहालासुद्धा थांबत नाही. अशा गावात रिदालिन बायकांच्या स्वच्छता मंडळाची प्रमुख, म्हणजे बघा. चुलीमागची भिंतसुद्धा ती दर आठवड्याला पुसायची. पान-सुपारी चघळणारे लोक तिच्या दारावरून जाताना तोंड गच्च मिटून पुढच्या वळणापर्यंत पळायचे. काँग म्हणजे ताई, बाह म्हणजे दादा. पण सत्तरी गाठलेले गावचे मुखिया बाह प्रॉमिससुद्धा पन्नाशीतल्या रिदालिनला काँगच म्हणत. हातात झाडू असलेल्या बाईशी वयाचा वाद कोण घालणार?

रिदालिन घरातलं शेंडेफळ. आमच्या रीतीप्रमाणं धाकटी मुलगी म्हणून घर तिचं, शेत तिचं, वाडवडिलांचा नैवेद्य तिच्याकडे आणि आईसुद्धा तिच्याच वाट्याची. नवरा लॅम्बोक दिवसभर आपल्या आईच्या घरी राबायचा आणि इथल्या कुठल्याही नवऱ्यासारखा दिवेलागणीला बायकोकडे यायचा. आल्यावर पाय धुवायचे, मग पुसायचे, मग पुसलेलं फडकं दोरीवर सरळ घालायचं, मगच आत. संसार सुखाचा होता.

दुखणं एकच होतं, आणि ते जेवणाच्या वेळी बोलायचं.

"हा कसला भात?" रिदालिनची आई विचारायची. सगळं गाव तिला बेई म्हणजे आईच म्हणायचं. वय ऐंशीच्या पुढं, डोळे अधू, दात उरलेसुरले, जीभ मात्र धारदार. "ना चव, ना वास, ना खडा."

"खडा कशाला हवा गं बेई? निवडून शिजवलाय."

"आपल्या शेतातल्या भातात खडा यायचाच. दाताखाली आला की कळायचं, घरचं जेवतोय. आणि तू वाडवडिलांपुढंही हाच बाजारचा तांदूळ ठेवतेस. ते वास घेतात आणि उपाशी उठून जातात. माझ्या स्वप्नात येऊन तक्रार करतात."

"त्यांना म्हणावं, शेत आंबलंय."

"तूच सांग. मी त्यांना एवढंच सांगितलंय की आपल्या शेतातला भात खाल्ल्याशिवाय मी काही तिकडं येत नाही."

"मग मला शेत लावायची घाई कशाला?" रिदालिन म्हणायची, आणि दोघी हसायच्या. पण हसून झाल्यावर रिदालिन ताट उचलायला नको तितक्या लवकर उठायची. धाकट्या मुलीच्या घरात घरचा तांदूळ नाही, ही गोष्ट तिला भिंतीवरच्या डागासारखी टोचायची, आणि हा डाग पुसता येत नव्हता.

शेत आंबलं होतं ते ओढ्यामुळं. वर डोंगरात कोळशाच्या चौकोनी विहिरीसारख्या खाणी. कोळसा काढणं बंद झालं तेव्हा मालक ट्रक घेऊन गेले, मजूर गाठोडी घेऊन गेले, खड्डे मात्र कोणी नेले नाहीत. त्यात पाणी साठलं, कोळशाच्या दगडांत मुरलं, आंबट झालं आणि लिन्नार ओढ्यातून खाली आलं. दिसायला ओढा इतका देखणा की बघत राहावं. निळाशार, तळाचा खडा न् खडा दिसणारा. बाहेरगावचे पाहुणे त्याच्यापुढं उभे राहून फोटो काढायचे. नितळ असणारच, त्यात पाणी ढवळायला मासा नव्हता, बेडूक नव्हता, शेवाळंसुद्धा नव्हतं. त्या पाण्याचा चहा केला तर शाईसारखा काळा व्हायचा. पांढरे कपडे धुतले तर पिवळे. रिदालिननं आपली सगळ्यात चांगली चादर एकदाच त्यात बुडवली होती, आणि त्या दिवसापासून ओढ्याशी तिचं वैर होतं.

मग जोवाईहून दाफिशा नावाची तरुण इंजिनीअर आली. तिच्याकडं मशीन नव्हतं, विजेची तार नव्हती, दर महिन्याला विकत आणायची पोती नव्हती. उतार आहे, दगड आहे, शेण आहे, तेवढ्यात भागेल, असं ती म्हणाली. ओढा अडवून आधी चुनखडीच्या दगडांच्या पाटातून आणायचा. मग पहिलं तळं, त्यात लोखंडाचा लाल गाळ बसेल. मग दुसरं तळं, तळाशी चुनखडी, वर शेण, पेंढा आणि अळिंब्यांच्या वाफ्यांचा उरलेला चोथा. पाणी त्यातून झिरपत खाली जाईल आणि आंबटपणा तिथंच राहील. शेवटी लव्हाळ्यांचं तिसरं तळं, आणि तिथून पाणी शेताला.

सपाट जागा हवी होती. ती रिदालिनच्या शेतालगतच होती, आणि तिनं ती क्षणात दिली.

ज्या सभेत दाफिशानं सगळं समजावून सांगितलं त्या सभेला रिदालिन होती आणि नव्हती. चहा तिच्याकडं होता. दुसरी कोणी असती तर तिनं उष्टे कप सभा संपेपर्यंत तसेच ठेवले असते. रिदालिन पहिल्या फेरीचे कप दुसऱ्या फेरीच्या आधी बाहेर नळावर घासत होती. नेमकं तेव्हाच दाफिशा आत सांगत होती, "दुसऱ्या, शेणाच्या काळ्या तळ्याला कोणी हात लावायचा नाही. त्याला वास येईल, कुजक्या अंड्यासारखा. आला तर आनंद माना. त्या गाळात हवेशिवाय जगणारे बारीक जीव असतात, ते पाण्यातला आंबटपणा खातात. वास म्हणजे ते जेवताहेत."

हे सगळ्या गावानं ऐकलं. कप मात्र लखलखीत झाले.

तळी झाली. पाट झाडायचं आणि पहिल्या तळ्यातला लाल गाळ काढायचं काम रिदालिननं मागून घेतलं. तो गाळ वाळवला तर झकास गेरू निघाला. तिनं त्यानं घराचा चौथरा रंगवला, मग शेजारणींनी रंगवला, मग बघता बघता सगळ्या गावाचे चौथरे लालचुटूक झाले. लव्हाळ्यांच्या तळ्यात एक बेडूक आला. दाफिशानं कागदाची पट्टी पाण्यात बुडवली, रंग बघितला आणि म्हणाली, "काँग, लावणीपर्यंत पाणी असंच राहिलं तर ह्या वर्षी शेत लावा."

रिदालिननं हे बेईला सांगितलं. बेईनं कान ओढ्याच्या दिशेला लावला. मग म्हणाली, "बेडूक ओरडतो का?"

"ओरडतो."

"मग बियाणं बघ."

सगळं सोन्याहून पिवळं झालं असतं. पण काळं तळं घाण मारायचं. दुपारी वारा फिरला की तो वास चढण चढून थेट रिदालिनच्या घरात यायचा. तिच्या घरात! ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांवरून नाक मुरडलं तिच्या उंबऱ्यात आता लोक नाक धरून उभे राहायचे. मंडळातल्या बायका पदराआड हसायच्या. लॅम्बोक तर एका संध्याकाळी पाय धुऊनही आत येईना.

"ये की," ती म्हणाली.

"आधी सांग, मी पाय धुतले ते ह्या वासात आत यायला, की हा वास घेऊन परत जायला?"

"तुझ्या आईच्या घरी फार सुगंध असतो वाटतं?"

"तिथं निदान तुंगरिंबाई शिजली तर जेवायला तरी मिळते. इथं नुसताच वास."

तुंगरिंबाई म्हणजे आमच्याकडं पानांत बांधून आंबवलेलं सोयाबीन. वास असा की परका माणूस उठून जातो, आणि चव अशी की आमचा माणूस परत येतो. बेई चुलीजवळून हसली. "अरे लॅम्बोक, ह्या पोरीला तुंगरिंबाई कधी जमली नाही. तीन दिवस बांधून ठेव म्हटलं तर दुसऱ्याच दिवशी सोडून बघते आणि धुऊन टाकते."

रिदालिनला हे मनाला लागलं. पण त्यातला शहाणपणा काही डोक्यात शिरला नाही.

त्यातच बातमी आली की इलाख्याचे प्रमुख, खुद्द दलोई, तळी बघायला येणार. बाह प्रॉमिस धावत आले. "काँग, गावाची अब्रू तुमच्या हातात."

हे वाक्य रिदालिनला बोलायला नको होतं. अब्रू हातात दिली की ती आधी घासून काढणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिनं मंडळ जमवलं. शंका एकाच बाईनं काढली, तिची मावसबहीण थिर्मा. "काँग, ती पोरगी काहीतरी म्हणाली होती ना, हात लावू नका म्हणून?"

"लहान मुलांनी हात लावू नये म्हणून म्हणाली असेल. दलोई येणार आणि त्यांना ही घाण दाखवायची? त्यांच्यापुढं नाक धरायचं का आपण?"

थिर्मा गप्प बसली. रिदालिनपुढं गप्प बसायची गावाला सवय होती. बायकांनी काळ्या तळ्यातलं पाणी वळवलं. पाठीवरच्या टोपल्यांतून सगळा काळा गाळ वाहून वरच्या उताराला उन्हात पसरला. खालचे चुनखडीचे दगड एकेक करून काढले, सुपारीच्या सालीनं घासले, पांढरेशुभ्र केले आणि पुन्हा ओळीनं रचले. काठावर झेंडूची रोपं लावली. तळं असं चकचकीत झालं की त्यात ताट वाढावं.

दलोई आले, बघून खूश झाले, म्हणाले, "वा! वास येतो म्हणून ऐकलं होतं. इथं तर काहीच नाही." बाह प्रॉमिस फुगले. रिदालिननं मान खाली घातली, म्हणजे कौतुक नीट ऐकू यावं.

दाफिशा मागून येत होती. तिनं तळं बघितलं. पांढरे दगड बघितले. झेंडू बघितले. पाहुणे चहाला पुढं गेले तसं तिनं विचारलं, "काँग, इथला गाळ कुठं गेला?"

"वर वाळत घातलाय. एक कण सुद्धा ठेवला नाही बघ."

दाफिशा बांधावर मटकन बसली. मग तिला हसू आलं, आणि ते इतकं वाढलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रिदालिन गोंधळून तिच्यासोबत थोडी हसली, आणि मग हळूहळू थांबली.

"काँग," दाफिशा डोळे पुसत म्हणाली, "घाण म्हणून जे उचलून टाकलंत ना, तेच इथले कामकरी होते. आणि त्यांना उन्हात वाळत घातलंत."

मग तिनं सभेतलं सगळं पुन्हा सांगितलं. ह्या वेळी रिदालिनच्या हातात कप नव्हता. ऐकता ऐकता तिच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"पण दगड तर आहेत," ती शेवटचा आधार धरून म्हणाली. "घासलेले."

"नुसत्या दगडांवर लालसर थर चढेल आणि ते कामातून जातील. गाळच हवा."

"आणि माझं शेत?"

दाफिशाचं हसू गेलं. "लावणीच्या आत तळं पुन्हा सुरू झालं तर ठीक. नाही तर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी. रिदालिन घरी आली आणि बेईसमोर बसली. काही न लपवता सगळं सांगून टाकलं, आणि सांगता सांगता रडली. पुढचं वर्ष बेईला दिसेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते तिच्याच झाडूनं केलं होतं.

बेईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हातानं चाचपून तिची वेणी ओढली. "रडतेस कशाला? रडका झाडू! तुंगरिंबाई बिघडली तर काय करतात?"

"पुन्हा लावतात."

"मग लाव. आणि ह्या वेळी सोडून बघू नकोस."

दाफिशाचंही तेच म्हणणं होतं. "अगदी तुंगरिंबाईच समजा. माल भरायचा, झाकायचा आणि हात आवरायचे. शेजारच्या गावात असंच एक तळं जोरात चाललंय. तिथला थोडा गाळ विरजणासारखा आणू, म्हणजे लवकर लागेल."

दुसऱ्या दिवशी गावानं एक नवलाचं दृश्य पाहिलं. स्वच्छता मंडळाची प्रमुख दारोदार शेण मागत फिरत होती.

"काँग, आमच्या गोठ्यात आज शेण नाही," थिर्मा अतिशय गंभीरपणे म्हणाली. "तुम्हीच परवा म्हणालात, गोठा आरशासारखा ठेव."

"मग गाईला म्हणावं लवकर कर."

थिर्मानं टोपली भरून शेण दिलं आणि टोपली उचलून स्वतःच चालू लागली. अळिंबीवाल्यांनी चोथा दिला, पेंढा बाह प्रॉमिसनी. विरजण आणायला रिदालिन स्वतः गेली. दुधाची झाकणाची बरणी मांडीवर घेऊन ती सवारीच्या सुमोत दाटीवाटीनं बसली. पहिल्याच खड्ड्याला झाकण उचकटलं. गाडीतले लोक एकमेकांकडं संशयानं बघायला लागले. एका म्हाताऱ्यानं तर आपल्या नातवाला चापट मारली.

"त्याला मारू नका," रिदालिन म्हणाली. "माझं आहे."

त्यानंतर तिच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा झाली. इतक्या आरामात ती सुमोतून कधीच आली नव्हती.

तळं भरलं, विरजण घातलं, पाणी सोडलं, आणि वाट बघणं सुरू झालं. मूराप गावानं आजवर पावसाची वाट बघितली होती, पाहुण्यांची बघितली होती. दुर्गंधीची कधी बघितली नव्हती. लोक सकाळी उठून दारात यायचे, नाक वर करायचे आणि खिन्न होऊन आत जायचे. "वास आला का?" हा गावचा रामराम झाला. बाह प्रॉमिस काठावर उभे राहून छाती भरून श्वास घ्यायचे आणि मान हलवायचे. एकदा कोणीतरी "आला, आला!" म्हणून ओरडलं, गाव धावलं, तर ती कोणाच्या तरी चुलीवरची तुंगरिंबाई होती. बेडूकही बोलत नव्हता. इकडं वाफ्यात भाताची रोपं वीतभर झाली होती, आणि रोपं कोणासाठी थांबत नाहीत.

रिदालिनचे हात शिवशिवायचे. तळ्यावर पेंढ्याची एखादी काडी तरंगताना दिसली की ती उचलायला वाकायची, आणि मग दोन्ही हात काखेत दाबून उभी राहायची. लॅम्बोकनं हे पाहिलं आणि दिवसाही तिच्यासोबत येऊन बसू लागला. बायकोपाशी दिवसाढवळ्या बसलेला नवरा म्हणून लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. "तिचे हात धरायला बसलोय," तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

एका दुपारी वारा फिरला. रिदालिन अंगणात रोपांच्या मुठी बांधून ठेवत होती, पाणी मिळो न मिळो. आतून बेईची हाक आली.

"रिदालिन! काय मेलंय गं?"

रिदालिनचे हात थांबले. तिनं श्वास घेतला. तिला काही वास आला नाही.

"काही नाही गं बेई."

"तुझ्या नाकात साबण गेलाय. मी सांगते, घाण येतेय. अशी घाण येतेय की काय सांगू!" बेई काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली. तिचा चेहरा उजळला होता. "कुजकी अंडी! अगदी कुजकी!"

मग रिदालिनलाही आला. आधी बारीक, मग भरभरून. ती चपला न घालता उतारावरून धावत सुटली, आणि मागून थिर्मा, लॅम्बोक, बाह प्रॉमिस, सगळं गाव. काठावर उभे राहून सगळ्यांनी खोल श्वास घेतले आणि सगळ्यांना ठसका लागला. रिदालिन हसत होती आणि डोळे पुसत होती. इतका घाणेरडा वास आणि इतका आनंद आमच्या गावानं पुन्हा काही एकत्र पाहिला नाही. दाफिशा पट्टी घेऊन आली तेव्हा पट्टीनं तेच सांगितलं. लावणी वेळेत झाली, थोडी उशिरा म्हटली तरी चालेल.

पीक काही भरघोस आलं नाही. शेताचा एक कोपरा तांबडाच राहिला, ओंब्याही हलक्या. पण पोतं उभं राहील एवढा तांदूळ झाला. रिदालिननं पहिला भात शिजवला, पहिली मूठ वाडवडिलांपुढं ठेवली आणि दुसरं ताट बेईपुढं. सोबत सुक्या मासळीची चटणी. लॅम्बोक, थिर्मा, दाफिशा सगळे जेवायला होते आणि कोणीच जेवत नव्हतं. सगळे बेईच्या तोंडाकडं बघत होते.

बेईनं घास घेतला. हळूहळू चावला. मग चावायची थांबली. तिनं तोंडात बोट घातलं, काहीतरी काढलं आणि दिव्यापुढं धरलं.

"खडा," ती म्हणाली.

रिदालिन ताटाकडं झेपावली. तिनं तांदूळ स्वतः निवडला होता, दोनदा. उभ्या आयुष्यात तिच्या भातात कोणाला खडा लागला नव्हता. "टाक तो, बेई, दे इकडं, मी दुसरं ताट..."

"हात लावशील तर बघ." बेईनं मूठ मिटली. तिच्या अधू डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आपल्या शेतातला आहे. ओळखला मी."

बेईनं तो खडा ताटाच्या काठावर ठेवला, जसा पाहुण्याला पाट द्यावा तसा, आणि पुढचा घास घेतला.

थोड्या वेळानं रिदालिननं विचारलं, "मग बेई? वाडवडिलांना काय कळवायचं?"

"थांबा म्हणावं," बेई तोंडात घास असतानाच म्हणाली. "तो तांबडा कोपरा अजून राहिलाय. आणि तू काय बघत बसलीस? भात वाढ."

रिदालिननं भात वाढला. वाढताना दोन शितं जमिनीवर सांडली, आणि ती तिनं लगेच उचलली नाहीत.